स्विस नॅशनल पार्कमध्ये तीन दिवस: वाटा, नियम आणि हरणं बघण्याची रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंचेचाळीस ते साठ वयाचे चौघं जण सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात स्वित्झर्लंडला निघालेत. सह्याद्रीतली भटकंती नियमित आहे. त्यातले तीन दिवस त्यांनी स्विस नॅशनल पार्कसाठी राखलेत. तंबू टाकता येईल का, ड्रोन न्यावा का, प्राणी खरोखर दिसतात का, आणि कोणत्या वाटा कराव्यात, हे त्यांना विचारायचंय.

आधी सरळ उत्तरं. तंबू टाकता येत नाही, ड्रोन उडवता येत नाही, शेकोटी करता येत नाही. प्राणी मात्र दिसतात, भरपूर दिसतात, आणि तुम्ही निवडलेला पंधरवडा त्यासाठी वर्षातला सगळ्यात चांगला आहे. पहिल्या तीन नकारांमुळेच हा चौथा होकार मिळतो, आणि हे नीट कळलं की तीन दिवसांचा बेत आपोआप जमतो.

जागेबद्दल एक घोळ नेहमी होतो, तो आधी मिटवू. युंगफ्राऊ किंवा टिटलिसचा परिसर म्हणजे नॅशनल पार्क नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये नॅशनल पार्क एकच आहे. ते देशाच्या पूर्व टोकाला, इटलीच्या सीमेला लागून, ग्राउब्युन्डन प्रांतातल्या एंगादिन खोऱ्यात आहे. क्षेत्रफळ सुमारे १७० चौरस किलोमीटर. स्थापना १ ऑगस्ट १९१४ ची, म्हणजे आल्प्समधलं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. मुक्कामाचं गाव त्सेर्नेत्स, उंची सुमारे १४७० मीटर. इथे केबलकार नाही, बर्फाची गुहा नाही, डोंगरावर फिरतं हॉटेल नाही. आत जायला तिकीटही नाही. पैसे लागतात ते फक्त त्सेर्नेत्समधल्या अभ्यागत केंद्रातलं प्रदर्शन बघायला. पहिल्या दिवशी पोचल्यावर तिथे तासभर जरूर द्या. कोणत्या वाटेवर ताजा बर्फ आहे, कुठे दरड आली आहे, हरणं सध्या कोणत्या उतारावर आहेत, हे तिथले कर्मचारी अगदी त्या दिवसापुरतं सांगतात.

नियम आणि त्यांची कारणं

मुख्य नियम एकच: आखलेली पायवाट सोडायची नाही. फोटोसाठी दोन पावलंसुद्धा नाही, लघवीसाठीही नाही. बसायचं, खायचं ते पिवळ्या खुणांनी आखलेल्या विश्रांतीच्या जागांवर. फूल, दगड, अळंबी, हरणाचं गळलेलं शिंग, पाइनचं बोंड, काहीच उचलायचं नाही. कुत्रा दोरीला बांधूनही आणता येत नाही, सायकल आणता येत नाही, तळ्यात किंवा ओढ्यात उतरता येत नाही. रात्री राहता येतं ते फक्त दोन ठिकाणी: क्लुओत्सा खोऱ्यातली चमान्ना क्लुओत्सा ही लाकडी झोपडी, आणि घाटरस्त्यावरचं इल फुओर्न हॉटेल. हिवाळ्यात पार्क माणसांसाठी पूर्ण बंद असतं. पार्कचे रक्षक वाटांवर फिरत असतात आणि नियम मोडणाऱ्याला जागेवर दंड करतात.

हे जाचक वाटेल. पण हरणाच्या बाजूने बघा. इथे शंभर वर्षांहून जास्त काळ शिकार नाही. माणसं दिसतात ती रोज त्याच ओळीत, त्याच वेळी, त्याच वेगाने चालणारी. त्या ओळीबाहेर माणूस कधी येतच नाही, म्हणून त्या ओळीवरचा माणूस हरणाला ओढ्याच्या आवाजाइतकाच सवयीचा होतो. आल्प्समध्ये इतरत्र तांबडी हरणं दिवसभर जंगलात दडून अंधार पडल्यावर चरायला निघतात. इथे ती भर दुपारी उघड्या गवतावर दिसतात. एक माणूस वाट सोडून वीस पावलं वर चढला, की तो अख्खा उतार रिकामा होतो आणि त्या दिवशी मागून येणाऱ्या सगळ्यांची संधी जाते. ग्राउब्युन्डनमध्ये मोठ्या शिकारीचा हंगाम सप्टेंबरातच असतो. पार्कच्या हद्दीबाहेर बंदुका चालू असतात, आणि हरणांना ती हद्द चांगली ठाऊक असते.

जमिनीलाही इथे मोकळं सोडलेलं आहे. वठलेलं झाड पडलं तर पडलेलंच राहतं, हिमलोटाने जंगल झोपवलं तरी ते कुणी साफ करत नाही. दुरुस्ती होते ती फक्त वाटांची आणि पुलांची. म्हणून जंगल काहीसं अस्ताव्यस्त दिसतं, नीटनेटक्या स्वित्झर्लंडच्या कल्पनेला न शोभणारं. पूर्वी हीच झाडं लोखंडाच्या भट्ट्यांसाठी तोडली जात (‘फुओर्न’ म्हणजे भट्टी), आणि इन नदीतून ओंडके वाहवत खाली टिरोलमधल्या हाल गावच्या मिठागराला जात. आज दिसणारं पहाडी पाइनचं दाट रान त्या तोडीनंतर उगवलेलं आहे.

पोचणं आणि फिरणं

झ्युरिकहून लांडक्वार्टला जा, तिथे रेशियन रेल्वेची लाल गाडी धरा. १९ किलोमीटरचा फेराइना बोगदा पार करून ती एंगादिनमध्ये उतरते. काही गाड्यांना साग्लियान्सला बदल असतो. ते स्टेशन फक्त गाडी बदलण्यापुरतंच आहे, तेव्हा खाली उतरून गाव शोधत बसू नका. सगळा प्रवास अडीच तासांच्या आसपास होतो. त्सेर्नेत्सहून पिवळी पोस्टबस घाटातून वर पास दाल फुओर्न या २१४९ मीटर उंचीच्या खिंडीकडे जाते आणि पुढे म्युश्तैर खोऱ्यात उतरते. दिवसा ती साधारण तासाला एक असते. रस्त्याकडेच्या वाहनतळांना पी-१, पी-२ असे क्रमांक आहेत, आणि बहुतेक वाटा यांतल्या कुठल्या तरी क्रमांकापासून सुरू होऊन दुसऱ्याच क्रमांकाला संपतात. गाडी भाड्याने घेतली तर ती एका ठिकाणी अडकून पडते, म्हणून बस बरी. स्विस ट्रॅव्हल पास रेल्वेला आणि पोस्टबसला चालतो. चढताना परतीच्या बसच्या वेळापत्रकाचा थांब्यावरच फोटो काढून ठेवा. खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते.

पिवळ्या पाट्यांवर वेळ लिहिलेली असते, अंतर नव्हे. ती न थांबता चालण्याची वेळ असते आणि स्विस चालीची असते. सवयीचा सह्याद्री ट्रेकरही इथे फसतो, कारण उंची वेगळी आहे. इल फुओर्न १७९४ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईचं शिखर जिथे संपतं त्याच्याही वरून चालायला सुरुवात होते. २५०० मीटरच्या आसपास धाप लवकर लागते, काहींचं डोकं जड होतं. पाटीवरच्या वेळेत एक तृतीयांश मिळवा, आणि प्राणी बघण्याचे दोन तास वेगळे धरा. म्हणजे ‘३ तास’ लिहिलेली वाट तुमच्यासाठी सहा तासांचा दिवस आहे. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट: पक्के बूट हवेत, उंचीची भीती नको, पण दोर लागत नाही. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला तर ती वाट तुमच्या बेतातली नाही.

पहिला दिवस: मार्गुनेट

अंग मोकळं करायला हीच वाट घ्या. पोस्टबसने पी-८ ला, म्हणजे श्ताबेलचोदला उतरा. उंची साधारण १९०० मीटर. पाइनच्या जंगलातून वीसेक मिनिटांत श्ताबेलचोदचं कुरण लागतं. पार्क होण्याआधी इथे गुरं चरत. आता चरतात ती हरणं. १९१७ पासून इथल्या ठरावीक चौकोनांमधल्या वनस्पती शास्त्रज्ञ मोजत आले आहेत. गुरं गेल्यावर कुरण झाडोऱ्याने बुजून जाईल अशी अटकळ होती. पण हरणांनी गवत इतकं आखूड ठेवलं, की उघडी कुरणं टिकली आणि वनस्पतींच्या जाती वाढल्या. वाटेवर माहितीफलक आहेत, ते वाचत चला.

कुरणानंतर ओढ्याच्या कडेने चढून २३२८ मीटरच्या मार्गुनेट खिंडीत यायचं आणि पलीकडे वाल दाल बोच या खोऱ्यातून पी-७ ला उतरायचं. चढ साडेचारशे मीटरच्या आतबाहेर, पाटीवरची वेळ तीन तासांच्या आसपास. सकाळी साडेआठपर्यंत चालायला लागलात तर दहा-साडेदहाला खिंडीत असाल, आणि दाढीवाल्या गिधाडासाठी हीच वेळ योग्य. ऊन कड्यांवर पडून हवा वर उठायला लागली की हे पक्षी धारेच्या कडेकडेने तरंगत येतात. हिमालयात ट्रेक केला असेल तर ओळख पटेल, कारण जात तीच: पंखांचा विस्तार पावणेतीन मीटरपर्यंत, शेपटी पाचरीच्या आकाराची, छाती तांबूस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्समधून हा पक्षी संपवला गेला होता, कोकरं पळवतो या चुकीच्या समजुतीने. खरं तर तो हाडं खातो, आणि मोठं हाड असेल तर उंचावरून खडकावर टाकून फोडतो. १९९१ ते २००७ या काळात याच श्ताबेलचोद खोऱ्यात २६ पिल्लं सोडण्यात आली. आज वर तरंगताना दिसणारे पक्षी त्या प्रयत्नांचं फळ आहेत.

उतरणीवर एक गोष्ट सांभाळा. इथला खडक डोलोमाइट, म्हणजे चुनखडीच्या जातीचा आहे. आपल्या बेसाल्टसारखा तो पायाला घट्ट धरून ठेवत नाही. थंडीने तडकून त्याचे धारदार तुकडे होतात आणि उतारभर घसारा पसरतो. सह्याद्रीत पातळ रबरी तळाचे बूट छान चालतात, पण या घसाऱ्यावर तळव्यांना दगड टोचून दोन तासांत पाय भरून येतात आणि घोटा मुरगळतो. जाड, कडक तळाचे आणि घोट्यापर्यंतचे बूट घ्या. ते निदान महिनाभर आधी घालून किमान पन्नास किलोमीटर चाला. नवे कोरे बूट पहिल्यांदा इथे घातले तर दुसऱ्या दिवशी टाचांना फोड असतात आणि बेत तिथेच मोडतो.

दुसरा दिवस: वाल ट्रुपचून

तुमच्या सहलीचा गाभा हा दिवस आहे. हवामान बघून तीन दिवसांतला सगळ्यात निरभ्र आणि थंड दिवस याच्यासाठी राखा, क्रम मागेपुढे झाला तरी चालेल. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तांबड्या हरणांचे नर माजावर येतात, आणि ट्रुपचूनइतके नर एका खोऱ्यात सहसा कुठे दिसत नाहीत. त्यांचा आवाज आपल्या चितळ-सांबरासारखा नसतो. खोल, घोगरा, गाईच्या हंबरण्याच्या आणि वाघाच्या गुरगुरण्याच्या मधला असतो, आणि समोरच्या कड्यावर आपटून परत येतो. हवा उबदार आणि दमट असली की ते गप्प पडतात. कडक थंड सकाळी सगळं खोरं घुमतं.

त्सेर्नेत्सहून पहिल्या गाड्यांपैकी एक पकडून श्चांफ स्टेशनला उतरा. तिथून प्रास्यूरास वाहनतळावरून वारुशच्या झोपडीपर्यंत रुंद, सोपी वाट आहे. वारुश पार्कच्या हद्दीबाहेर आहे, म्हणून तिथे गरम चहा-सूप मिळतं. पुढे हद्द लागते आणि ओढ्याच्या सोबतीने २०४० मीटरवरच्या आल्प ट्रुपचून या कुरणाला पोचता येतं. स्टेशनपासून आणि परत, बघण्याच्या वेळेसकट, सात-आठ तास धरा. चढ चारशे मीटरच्या आसपास आहे आणि सावकाश आहे, गुडघे कुरकुरत असले तरी जमणारा.

इथे चालण्यापेक्षा बसायचं असतं. आल्प ट्रुपचूनच्या विश्रांतीच्या जागेवर जाऊन ठाण मांडा. सोबत ८×४२ किंवा १०×४२ दुर्बीण हवीच, चौघांत किमान दोन. दुर्बिणीशिवाय हरीण म्हणजे समोरच्या उतारावरचा तपकिरी ठिपका, कारण अंतर सहज पाचशे मीटर ते एक किलोमीटर असतं. मोबाइलच्या झूमने इथे काही हाती लागत नाही.

बघायची पद्धत अशी. आधी नुसत्या डोळ्यांनी समोरचा उतार मनातल्या मनात पट्ट्यांत वाटून घ्या: खाली जंगलाची कड, मध्ये गवत, वर घसारा, सगळ्यात वर कडे. मग कोपरं गुडघ्यांवर टेकवून दुर्बीण स्थिर करा आणि एकेक पट्टा डावीकडून उजवीकडे हळू सरकवा. नजर फिरवत राहिलात तर काही दिसणार नाही. एका जागी दहा सेकंद थांबा, हालचाल आपोआप डोळ्यात भरते. जंगलाच्या कडेला आणि गवतावर हरणं. एक मोठा नर, भोवती माद्यांचा कळप, आणि थोड्या अंतरावर संधीची वाट बघणारे तरुण नर. घसाऱ्याच्या चिंचोळ्या घळींमध्ये शामवा हा रानबकरीसारखा प्राणी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्याचं तोंड आणि आकडीसारखी वळलेली आखूड शिंगं. अगदी वर, कड्यांमधल्या गवताच्या पट्ट्यांवर आयबेक्स, म्हणजे पहाडी रानबोकड, त्याची शिंगं तलवारीसारखी मागे वळलेली. आयबेक्सही इथे नाहीसा झाला होता. १९२० मध्ये तो पुन्हा आणून सोडला. पायाशी, गवतात, मार्मोट, म्हणजे बिळात राहणाऱ्या गुबगुबीत पहाडी खारी. सप्टेंबरअखेरीस ते अंगावर चरबी चढवून बिळांत गवत ओढत असतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला झोपी जातात. त्यांची एकच लांब शिटी ऐकलीत तर वर बघा, सोनेरी गरुड असण्याची शक्यता असते. एकामागून एक शिट्या असतील तर धोका जमिनीवरून आलेला असतो.

ऊन पाठीशी राहील असं बसा. बोलणं कुजबुजण्यापुरतं ठेवा आणि मोबाइलवर गाणी तर अजिबात नकोत. खडखडणारी प्लास्टिकची पिशवीही त्रास देते, खाऊ कापडी पिशवीत किंवा डब्यात आणा.

तिसरा दिवस: पायांच्या कुवतीप्रमाणे

पाय ताजे असतील आणि आकाश निरभ्र असेल तर मुन्त ला शेरा करा. इल फुओर्नहून चढायचं, २५८७ मीटरचा सपाट माथा गाठायचा आणि बुफालोराला, म्हणजे पी-१० ला, १९६८ मीटरवर उतरायचं. चढ सुमारे आठशे मीटर, अंतर बारा-तेरा किलोमीटर, पाटीवर पाच तासांच्या आतबाहेर. चढाचा अंदाज हवा असेल तर बारी गावातून कळसूबाई आठवा, फक्त शिड्या नाहीत आणि हवा विरळ आहे. माथ्यावरून लिविन्योचा जलाशय आणि पलीकडे ऑर्टलरची हिमशिखरं दिसतात. पी-१० कडून उलटं चढलं तर चढ कमी होतो, पण उतार लांबतो. साठीतल्या गुडघ्यांसाठी इल फुओर्नकडूनच चढा. बुफालोराच्या बाजूला हद्दीबाहेर गुरांची कुरणं आहेत. वासरं असलेल्या गाईंपासून आणि मेंढ्यांच्या राखणदार कुत्र्यांपासून लांबून वळसा घाला. त्यांना हाकलायला काठी उगारू नका, सावकाश बाजूने निघून जा.

पाय दुखत असतील तर पुन्हा ट्रुपचूनला जा. दुसऱ्या दिवशी तोच उतार वेगळं काही दाखवतो.

चमान्ना क्लुओत्साचा दोन दिवसांचा बेत बऱ्याच जणांना खुणावतो: त्सेर्नेत्सहून तीन-साडेतीन तासांत १८८२ मीटरवरच्या झोपडीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी २५४५ मीटरची मुरतेर खिंड ओलांडून श्पोल नदीपर्यंत उतार, आणि शेवटी परत थोडं चढून वालुन चाफुओलच्या थांब्यावर. तो सुंदर आहे. पार्कमध्ये रात्र काढायची दुसरी संधी इल फुओर्नची, पण ती रस्त्याकाठी. तरी तीनच दिवस असतील आणि हरणं हा मुख्य हेतू असेल तर तो मी सुचवणार नाही. मुरतेरनंतरचा उतार जवळजवळ नऊशे मीटरचा सलग आहे, आणि सप्टेंबरअखेरीस खिंडीत ताजा बर्फ पडलेला असू शकतो. करायचाच असेल तर झोपडीचं आरक्षण खूप आधी करा. ती साधारण जूनच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडी असते. झोपायला स्वतःची पातळ चादरीची पिशवी न्या, स्विस पहाडी झोपड्यांत ती लागतेच. शाकाहारी जेवण हवं हे आरक्षण करतानाच कळवा, तिथे पोचल्यावर सांगून उपयोग नाही. सामान हेलिकॉप्टरने वर येतं आणि स्वयंपाक मोजून होतो.

माकूनची २३ तळी नकाशावर मोहात पाडतात. ती वाट १४००-१५०० मीटर चढ आणि तेवढाच उतार, आठ तास आणि वरच्या धारेवर उघड्यावर चालणं, अशी आहे. सप्टेंबरअखेरचा दिवस लहान असतो. या वेळी ती सोडून द्या.

सॅकमध्ये काय

सकाळी खोऱ्यात तापमान शून्याच्या आसपास आणि दुपारी उन्हात पंधरा-अठरा अंश, इतका फरक एका दिवसात पडतो. दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात. म्हणून एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा थर घ्या: आत घाम शोषून लगेच वाळणारा सिंथेटिक किंवा लोकरी बनियन, वर फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. सुती टी-शर्ट नको. घामाने ओला झालेला सुती कपडा खिंडीतल्या वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतो, आणि थंडी वाजून आजारी पडणारे बहुतेक याच चुकीने पडतात. कानटोपी, पातळ हातमोजे, गॉगल, ५० एसपीएफचं सनस्क्रीन. बसून बघण्याच्या दिवशी खाली घ्यायला फोमचा छोटा तुकडा. दोन काठ्या उतारावर गुडघ्यांचं ओझं कमी करतात.

पाणी प्रत्येकी दोन लिटर. डोलोमाइटच्या भेगांतून पाणी खाली झिरपून जातं, त्यामुळे हिरवी दिसणारी घळसुद्धा कोरडी निघते. गावातल्या दगडी हौदाचं पाणी पिण्याजोगं असतं, नसेल तर तशी पाटी लावलेली असते.

खाण्यासाठी घरून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणा. मात्र पेढे, बर्फी, पनीर, तूप, म्हणजे दुधाचे पदार्थ, तसंच मांस आणि अंडी भारतातून स्वित्झर्लंडमध्ये आणायला बंदी आहे. चिवडा-चिक्कीला अडचण येत नाही. गावातलं किराणा दुकान रविवारी बंद मिळण्याचीच शक्यता जास्त, शनिवारीच पाव, चीज, फळं घेऊन ठेवा. एंगादिनची अक्रोडाची नुसटॉर्ट (केकसारखा गोड पदार्थ) घ्या. एक तुकडा खाल्ला की दोन तास चालायचं बळ येतं आणि ती चार दिवस टिकते. शाकाहारी असाल तर दोन पदार्थांपासून सावध राहा: जवाचं सूप आणि पानात गुंडाळलेले कापुन्स. दोन्ही शाकाहारी दिसतात, दोन्हींत बहुतेक वेळा मांसाचे बारीक तुकडे असतात. अंडं चालत असेल तर पिझोकेल, म्हणजे पिठाचे उकडलेले छोटे गोळे, हा चांगला पर्याय, फक्त त्यातही वर मांस घातलं नाही ना हे विचारा.

मोबाइलमध्ये स्विसटोपो या सरकारी नकाशा-संस्थेचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. थंडीत बॅटरी झपाट्याने बसते, तेव्हा फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. हवामानासाठी मेटिओस्विसचं ॲप रोज संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी बघा. बचावासाठी रेगा या हेलिकॉप्टर सेवेचा क्रमांक १४१४, आणि ११२ कुठूनही चालतो. हेलिकॉप्टर बोलावणं हजारो फ्रँकचं काम आहे. व्हिसासाठी काढलेल्या विम्यात डोंगरातली पायी भटकंती आणि हेलिकॉप्टर बचाव हे शब्द आहेत का, ते निघण्यापूर्वी वाचून घ्या. बऱ्याच स्वस्त पॉलिसींत ‘साहसी खेळ’ वगळलेले असतात आणि त्यात ट्रेकिंग घातलेलं असतं.

सकाळी आणखी दोन जागा सांभाळायच्या. सावलीतल्या लाकडी पुलांवर रात्रीचं दव गोठून पारदर्शक बर्फ होतो, दिसत नाही. दहा वाजेपर्यंत पुलावर पाय पूर्ण टेकवून, कठड्याला धरून चाला. आणि पावसानंतर किंवा कडक थंडीनंतर ऊन पडलं की घळींतून दगड सुटतात. घळ ओलांडताना पाणी प्यायला किंवा फोटोला थांबायचं नाही, पलीकडे गेल्यावर थांबा.

हवा बिघडली तर

दिवसभर पाऊस असेल तर वर चढून काही दिसणार नाही. पोस्टबसने घाट ओलांडून म्युश्तैरला जा. तिथला सेंट जॉनचा मठ १९८३ पासून जागतिक वारसास्थळ आहे आणि भिंतींवर हजारेक वर्षांहून जुनी चित्रं आहेत. किंवा रेल्वेने श्कुओलला जाऊन खनिज पाण्याच्या गरम कुंडांत पाय शेकून घ्या. सायकल चालवायची हौस असेल तर तीही पार्कबाहेर, इन नदीच्या काठाने भागवता येते. हलका पाऊस मात्र टाळू नका. तो थांबल्यावर तासाभरात ढग कड्यांवरून सुटतात आणि हरणं गवतावर उतरतात.

वाटेत समोरून कुणी आलं की इथे ‘अलेग्रा’ म्हणतात, रोमान्श भाषेतला नमस्कार. तुम्हीही म्हणा. दुर्बीण गळ्यात असलेला स्थानिक माणूस असेल तर पुढे हरणं कुठे आहेत हे विचारायचा तोच मुहूर्त. बोट दाखवून नेमका उतार सांगतात.

ट्रुपचूनहून परतीची गाडी ठरवताना आधीची सोडून पुढची धरा. साडेचारनंतर खोऱ्याचा तळ सावलीत जातो, बहुतेक लोक उठून निघतात, आणि नरांचं ओरडणं तेव्हा खऱ्या अर्थाने सुरू होतं. सूर्यास्त सातच्या आसपास आहे. साडेपाचला आल्प ट्रुपचून सोडलंत तर वारुशपर्यंत उजेडात पोचाल. तिथून श्चांफपर्यंतची वाट रुंद आहे, पण प्रत्येकाच्या सॅकमध्ये हेडटॉर्च असू द्या.